टॅबलेटवर यूपीआय ॲप मिळत नाही, मिळालं तर चालत नाही: कारणं आणि उपाय

दहा इंची पडदा, ठळक अक्षरं, दिवसभर पुरणारी बॅटरी. फोनवरचे बारीक आकडे वाचताना ज्यांना त्रास होतो, त्यांना वीजबिल, गॅस, किराणा यांचे पैसे टॅबवरूनच भरावेत असं वाटणं अगदी साहजिक आहे. दुकानदारालाही गल्ल्याशेजारी टॅब उभा करून त्यावर जमा झालेले पैसे बघायचे असतात. पण पेमेंटचं ॲप टॅबवर घ्यायला गेलं की गाडी तीनपैकी एका ठिकाणी अडते. एक तर प्ले स्टोअरमध्ये ॲप सापडतच नाही, किंवा सापडतं पण ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही’ अशा अर्थाची ओळ खाली दिसते. दुसऱ्या प्रकारात ॲप उतरतं, उघडतं, मोबाईल नंबरही विचारतं, आणि मग ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणून तिथंच घुटमळतं. तिसरा प्रकार सगळ्यात वैताग आणणारा: कित्येक महिने नीट चाललेलं ॲप एके दिवशी अचानक पुन्हा नोंदणी मागतं.

तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं, आणि त्याचा पडद्याच्या आकाराशी संबंध नाही. ते एसएमएसमध्ये आहे.

एसएमएसवर सगळं का अडतं

यूपीआयमध्ये पैसे पाठवताना दोन गोष्टी तपासल्या जातात. तुमच्या हातातलं डिव्हाइस, आणि तुमच्या डोक्यातला चार किंवा सहा आकडी पिन. पिन आपण टाकतो म्हणून तो लक्षात राहतो. डिव्हाइसची ओळख मात्र नोंदणीच्या वेळी, आपल्या नकळत पटवली जाते. तुम्ही नंबर निवडलात की ॲप त्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस स्वतःहून पाठवतं. तो बँकेच्या बाजूला पोचतो. कुठल्या नंबरावरून आला हे मोबाईल कंपनीच्या नेटवर्कवरूनच कळतं, टाइप केलेल्या नंबरावर कुणी विसंबत नाही. मग त्या नंबराशी जोडलेली खाती शोधली जातात आणि तो नंबर, ते ॲप आणि ते डिव्हाइस यांची गाठ मारली जाते. याला डिव्हाइस बाइंडिंग म्हणतात.

इथं ओटीपीशी गल्लत होते. ओटीपी तुमच्याकडे येतो, त्यामुळे तो फोनवर वाचून टॅबवर टाकता येतो. बाइंडिंगचा एसएमएस तुमच्याकडून जातो, आणि तो त्याच डिव्हाइसमधून जावा लागतो. म्हणून ‘नंबर फोनमध्ये आहे, ओटीपी बघून टाकतो’ ही युक्ती शॉपिंगच्या ॲपमध्ये चालते आणि यूपीआयमध्ये चालत नाही.

याला वळसा घालायचा एक मार्ग लोक शोधून काढतात: टॅबवरच्या ॲपनं तयार केलेला सांकेतिक मजकूर कॉपी करायचा आणि फोनवरून पाठवायचा. हे करू नका. फसवणूक करणारे नेमकं हेच करून घेतात. त्यांच्या डिव्हाइसवर ॲप उघडायचं, तयार झालेला मजकूर तुम्हाला धाडायचा आणि ‘हा अमुक नंबरावर फॉरवर्ड करा, मग रिफंड मिळेल’ असं सांगायचं. तुमच्या सिमवरून तो मजकूर गेला की तुमचा नंबर त्यांच्या डिव्हाइसला बांधला जातो. असल्या निरर्थक अक्षरांचा एसएमएस दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधीही, कुणालाही पाठवायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. त्यामुळे यूपीआयनं डिव्हाइसच्या बाबतीत धरलेला हट्ट गैरसोयीचा असला तरी रास्त आहे.

आधी टॅब कुठल्या जातीचा आहे ते ठरवा

बाकी काहीही करण्याआधी पाच मिनिटं यासाठी द्या. टॅब तीन जातींचे असतात.

पहिला निव्वळ वाय-फायचा. त्याला सिमचा खाचा नसतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’ उघडून आयएमईआय नंबर (सिमवर चालणाऱ्या डिव्हाइसचा ओळखक्रमांक) शोधा; तो नसेल तर टॅब याच जातीचा. दुसरा सिमचा, पण फक्त डेटासाठी. त्याला खाचा असतो, आयएमईआय असतो, इंटरनेट चालतं, पण कॉल आणि एसएमएस नाहीत. घोळ होतो तो याच जातीत, कारण दुकानात ‘सिमवाला आहे’ एवढंच सांगितलं जातं. तिसरा खऱ्या अर्थानं फोनसारखा: कॉल आणि एसएमएस दोन्ही. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘व्हॉइस कॉलिंग’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तो या जातीचा.

खात्रीची कसोटी एकच. बँकेत नोंदलेलं सिम टॅबमध्ये घाला, वाय-फाय बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर साधा एसएमएस पाठवा. तो पोचला आणि योग्य नंबरावरून आलेला दिसला, तर पुढे वाचा. यश येण्याची शक्यता चांगली आहे. मेसेजचं ॲपच नसेल, किंवा सिम धडधाकट असूनही एसएमएस जात नसेल, तर त्या टॅबवर यूपीआय ॲप बसवायचा नाद सोडा आणि ‘वाय-फाय टॅब असेल तर’ या भागावर उडी मारा. तिथले मार्ग कमी सोयीचे नाहीत.

स्टोअरमध्ये ॲपच दिसत नाही

ॲप बनवताना त्याला काय काय लागतं याची यादी त्याच्यासोबत जोडलेली असते. त्यात एसएमएस पाठवण्याची परवानगी मागितलेली असेल आणि ‘ही सोय नसली तरी चालेल’ असं वेगळं नोंदवलेलं नसेल, तर प्ले स्टोअर गृहीत धरतं की डिव्हाइसला टेलिफोनी, म्हणजे कॉल-एसएमएसची सोय, हवीच. ज्या टॅबमध्ये ती नाही त्याला ॲप दाखवलंच जात नाही. कॅमेऱ्याच्या परवानगीचंही तसंच. शिवाय बनवणारी कंपनी विशिष्ट मॉडेलं स्वतःहून वगळू शकते. म्हणून एकाच टॅबवर एक पेमेंट ॲप दिसतं आणि दुसरं दिसत नाही, यात टॅबचा दोष नसतो. दुसरं एखादं यूपीआय ॲप किंवा तुमच्या बँकेचं ॲप शोधून पाहा. पैसे खात्यातूनच जाणार असल्यानं कुठलं ॲप वापरता यानं फारसा फरक पडत नाही.

स्टोअर देत नाही म्हणून एखाद्या संकेतस्थळावरून एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल, उतरवून बसवणं हा उपाय नाही. एसएमएस पाठवू न शकणाऱ्या टॅबवर ते ॲप उघडेल आणि नोंदणीपाशीच थांबेल, म्हणजे हाती काही लागणार नाही. उलट पेमेंट ॲपचा बनावट अवतार घरात शिरायची वाट मोकळी होते. गुगलच्या सेवा नसलेल्या टॅबवरही हीच अडचण येते, कारण बरीच बँकिंग ॲप डिव्हाइस विश्वासार्ह आहे का हे गुगलच्या तपासणीतून विचारून घेतात. रूट केलेला, म्हणजे अँड्रॉइडची मूळ कुलपं तोडलेला टॅब याच तपासणीत बाद होतो.

नावाचीही एक गफलत आहे. गुगल वॉलेट भारतात मे २०२४ मध्ये आलं ते तिकिटं, बोर्डिंग पास, लॉयल्टी कार्डं ठेवण्यासाठी. पैसे पाठवण्यासाठी गुगल पे हे वेगळं ॲप आहे. वॉलेट नाव वाचून ते टॅबवर घेतलं आणि त्यात बँक खातं जोडायची जागा शोधत बसलात तर ती सापडणार नाही.

एसएमएस जातो, तरी व्हेरिफिकेशन फसतं

तिसऱ्या जातीचा टॅब आहे, साधा एसएमएस जातो, आणि तरीही नोंदणी होत नाही. इथं कारणं अनेक असतात. पुढच्या क्रमानं तपासलीत तर वेळ वाचेल. एक सूचना आधीच: दोन-तीनदा फसलं की थांबा. लागोपाठ प्रयत्न केले की ॲप काही तासांसाठी, कधी पूर्ण दिवसासाठी दार बंद करतं, आणि मग चुकलेली गोष्ट दुरुस्त करूनही उपयोग होत नाही.

१. सिम नवं आहे का? टॅबसाठी जुनं सिम बदलून नॅनो करून घेतलं, किंवा ई-सिम केलं, तर पहिले २४ तास एसएमएसची ये-जा बंद असते. सिम-स्वॅपची, म्हणजे दुसऱ्याच्या नंबराचं नवं सिम काढून केली जाणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागानं घातलेलं हे बंधन आहे. नेटवर्कचे दांडे पूर्ण, इंटरनेट चालू, कॉल चालू, फक्त एसएमएस नाही, असं दिसलं तर दुरुस्ती शोधू नका. दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

२. रिचार्जमध्ये एसएमएस आहे का? टॅबच्या सिमवर बहुतेक जण फक्त डेटाचं पॅक मारतात. अशा पॅकमध्ये एसएमएस नसतो. मुख्य बॅलन्सही शून्य असेल तर बाइंडिंगचा एसएमएस निघतच नाही आणि ॲप मात्र ‘प्रयत्न करत आहे’ असं दाखवत राहतं. एसएमएस असलेलं पॅक घ्या, किंवा थोडा टॉकटाइम टाका.

३. विमान मोड चालू आहे का? बॅटरी वाचावी म्हणून टॅब विमान मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवायची सवय अनेक घरांत असते. इंटरनेट सुरळीत चालतं, त्यामुळे सिम झोपलेलं आहे हे ध्यानात येत नाही. नोंदणीपुरतं विमान मोड आणि वाय-फाय दोन्ही बंद करून मोबाईल डेटावर काम करा. व्हीपीएन असेल तर तोही बंद.

४. टॅबवर दुसरा यूजर आहे का? टॅब घरात सगळ्यांचा असतो, म्हणून मुलांसाठी, आजी-आजोबांसाठी वेगवेगळे यूजर केलेले असतात. अँड्रॉइडमध्ये मूळ मालक सोडून बाकी यूजरना कॉल आणि एसएमएस सुरुवातीला बंद असतात. मालकाच्या खात्यात शिरून सेटिंग्जमधलं ‘यूजर्स’ उघडा, त्या यूजरच्या नावापुढचं चक्र दाबा आणि फोन कॉल व एसएमएसची परवानगी चालू करा. आमच्या मते याहून चांगला मार्ग म्हणजे पेमेंट ॲप मूळ मालकाच्या यूजरमध्येच ठेवणं आणि मुलांचा यूजर वेगळा राहू देणं. हे कारण फारसं कुणी सांगत नाही, पण टॅबच्या बाबतीत ते वारंवार सापडतं.

५. परवानग्या नाकारल्या आहेत का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत ‘डोन्ट अलाऊ’ दाबलं गेलं असेल, तर ॲप पुन्हा विचारेलच असं नाही. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ते ॲप, मग परमिशन्स: एसएमएस आणि फोन या दोन्हीला ‘अलाऊ’ करा. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

६. डेव्हलपर ऑप्शन्स, यूएसबी डीबगिंग, स्क्रीन रेकॉर्ड करणारं किंवा पडद्यावर तरंगणारं एखादं ॲप चालू आहे का? बँकिंग ॲप यातल्या कशालाही बिचकतात. काही कारण न सांगता बंद होतात, काही फक्त कोरा पडदा दाखवतात. शिवाय टॅबला स्क्रीन लॉक नसेल तर आधी तो लावा. यूपीआय ॲप डिव्हाइसचा लॉक मागतात, आणि दिवाणखान्यातला टॅब बिनकुलपाचा असणं हे तसंही धोक्याचं आहे.

७. नंबर बँकेत नोंदलेला आहे का? एसएमएस गेला, नंबरही पडताळला गेला, पण ‘या नंबराशी जोडलेलं खातं सापडलं नाही’ असं आलं, तर दोष टॅबचा नाही. डेटासाठी घेतलेलं दुसरंच सिम टॅबमध्ये असतं आणि खात्याला फोनवालं सिम जोडलेलं असतं. इथं दोनच वाटा: योग्य सिम टॅबमध्ये घालणं, किंवा शाखेत जाऊन नंबर बदलून घेणं.

पिन ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं. कार्ड नसेल तर अनेक बँका आधारच्या ओटीपीवर पिन ठरवू देतात, मात्र आधारला आणि खात्याला एकच नंबर जोडलेला हवा.

टॅबवर सुरू झालं, फोनवर बंद पडलं

हा दोष नाही. एका ॲपमध्ये एक नंबर एका वेळी एकाच डिव्हाइसला बांधलेला राहतो. टॅबवर तेच ॲप नोंदवलं की फोनवरची गाठ सुटते. सिम परत फोनमध्ये घालून तिथं ॲप उघडलं की टॅबवरची सुटते. सिमची ही अदलाबदल रोज करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. नोंदणीनंतर सिम काढलं तरी ॲप चालेल अशी आशा काही जण धरतात. पण बरीच ॲप उघडताना सिम जागेवर आहे का पाहतात आणि नसेल तर बाहेर काढतात. स्टेट बँकेनं योनो ॲपमध्ये सिमचं हे बंधन जुलै २०२१ मध्ये आणलं.

डिव्हाइस बदलण्याआधी एक गोष्ट विसरू नका: यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चांसाठी ॲपमध्ये वेगळे काढून ठेवलेले पैसे. त्यातली शिल्लक त्या डिव्हाइसवरच्या ॲपशी बांधलेली असते. पिन न टाकता एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, म्हणजे रक्कम अगदीच किरकोळ नाही. टॅबवर नोंदणी करण्यापूर्वी फोनवर लाइट बंद करा, पैसे खात्यात परत आलेले पाहा, मगच पुढे जा. फोन रीसेट झाल्यावर किंवा ॲप काढून टाकल्यावर हेच पैसे मिळवायला तक्रार करावी लागते.

नव्या डिव्हाइसवर नोंदणी झाल्यावर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. आयफोनवर अनेक बँका हीच मर्यादा ७२ तास ठेवतात. मुलांची फी, घरभाडं अशी मोठी रक्कम त्याच दिवशी द्यायची असेल तर डिव्हाइस बदलायचा मुहूर्त पुढे ढकला.

कित्येक महिने चाललं आणि अचानक नोंदणी मागितली

टॅब कायम घरच्या वाय-फायवर असतो. त्यातल्या सिमवरून कॉल नाही, एसएमएस नाही, डेटा नाही. प्रीपेड सिम सलग ९० दिवस कशालाच वापरलं नाही आणि त्यात बॅलन्सही नसेल तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तो नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सूचनेनुसार ३१ मार्च २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲपना बंद पडलेल्या आणि पुन्हा वाटल्या गेलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून ते नंबर यूपीआयमधून काढावे लागतात. वर्षभर एकही व्यवहार न झालेले यूपीआय आयडीही बंद करण्याचा दंडक आहे.

उपाय साधा आहे, पण कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो: महिन्यातून एकदा टॅबच्या सिमवरून एक एसएमएस पाठवा आणि मुख्य बॅलन्समध्ये किमान २० रुपये राहतील असं बघा. सिम बंद झालंच असेल तर आधी मोबाईल कंपनीकडून तो नंबर अजून तुमच्याच नावावर आहे का हे विचारा. दुसऱ्याला दिला गेला असेल तर त्याच दिवशी बँकेत जाऊन नंबर बदला, कारण तुमच्या खात्याचे ओटीपी आता भलत्याच हातात पडत असतील.

आयपॅड

आयपॅडबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट सांगायचं तर, सिमचा आयपॅड असला तरी ते सिम फक्त डेटासाठी असतं. त्यावरून कॉल किंवा स्वतःचा एसएमएस जात नाही. आयपॅडवर मेसेजेस ॲप दिसतं, पण ते इंटरनेटवरचे आयमेसेज पाठवतं किंवा साधे एसएमएस जवळच्या आयफोनच्या आधारानं पाठवतं. बाइंडिंगसाठी यावर विसंबण्यात अर्थ नाही.

ॲप स्टोअरमध्ये शोधताना निकालावर ‘फिल्टर्स’ उघडून ‘आयफोन ओन्ली’ निवडलं की फक्त आयफोनसाठी केलेली ॲपही दिसतात आणि पडद्याच्या मध्यभागी छोट्या चौकटीत चालतात. यूपीआयसाठी ही खटपट व्यर्थ आहे. तिकिटांची, खर्च नोंदवायची ॲप मात्र या मार्गानं मिळतात.

वाय-फाय टॅब असेल तर

टॅबवर बघायचं, फोननं द्यायचं. ही विभागणी एकदा बसली की टॅबवर पेमेंट ॲपची गरजच उरत नाही.

समजा महावितरणचं बिल भरायचं आहे. टॅबच्या ब्राउझरमध्ये महावितरणचं संकेतस्थळ उघडा, १२ आकडी ग्राहक क्रमांक टाका, बिल मोठ्या अक्षरांत नीट वाचा. पैसे भरताना यूपीआय निवडलं की पडद्यावर क्यूआर येतो. तो फोननं स्कॅन करा, पिन फोनवर टाका, पावती टॅबवर उतरवून ठेवा. क्यूआर काही मिनिटांतच बाद होतो, म्हणून तो काढण्याआधी फोनवर स्कॅनर उघडून हाताशी ठेवा.

इथं हमखास एक अडथळा येतो. बरीच संकेतस्थळं अँड्रॉइड टॅबला फोन समजतात आणि क्यूआरऐवजी वेगवेगळ्या ॲपची बटणं दाखवतात. टॅबवर ती ॲप नाहीत, त्यामुळे बटण दाबून काहीच घडत नाही. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके दाबून ‘डेस्कटॉप साइट’ला टिक करा, पान पुन्हा उघडा, बहुतेक ठिकाणी क्यूआर येतो. आयपॅडवरचं सफारी बहुतेकदा आपणहूनच डेस्कटॉपचं पान मागतं, म्हणून तिथं ही अडचण कमी जाणवते.

क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून स्वतःच्याच फोनवर पाठवू नका. गॅलरीतून उचललेल्या क्यूआरवर अनेकदा २,००० रुपयांचीच मर्यादा लागते, आणि ‘बॅलन्स असूनही पेमेंट का होत नाही’ म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं. पडद्यावरचा क्यूआर थेट कॅमेऱ्यानंच स्कॅन करा. नात्यातल्या कुणाला यूपीआय आयडीवर पैशांची मागणी पाठवून तिकडून मंजूर करून घ्यायचा जुना मार्गही आता उरलेला नाही. व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली.

फोन हाताशी नको असेल तर टॅबच्या ब्राउझरमधून नेटबँकिंग आहेच. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, आयएमपीएसनं पैसे लगेच पोचतात. ओटीपी फोनवर येईल, तो वाचून टाकायचा एवढंच. शॉपिंगच्या संकेतस्थळावर त्यांच्याच वॉलेटमध्ये भरलेले पैसे टॅबवरून खर्च करता येतात, कारण तिथं लॉगिन पुरतं, सिमची गाठ लागत नाही.

दुकानदारानं तर पैसे पाठवणारं ॲप टॅबवर टाकायच्या फंदात पडूच नये. त्याला पैसे घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी त्याच कंपन्यांची व्यापाऱ्यांसाठीची वेगळी ॲप असतात. त्यांत साधारणपणे ओटीपीनं शिरता येतं, म्हणून ती टॅबवरही चालण्याची शक्यता जास्त. गल्ल्यावरचा टॅब सगळ्या कामगारांच्या हाताखाली असतो. त्यावर मालकाचं बँक खातं बांधलेलं नसणं हेच बरं.

ज्येष्ठांसाठी

टॅब हवा होता तो मोठ्या अक्षरांसाठी, हे लक्षात ठेवलं तर उपाय फोनमध्येच सापडतो. सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले’मध्ये फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात. लोक पहिलीच वाढवतात. यूपीआय ॲपची बटणं मोठी होतात ती दुसरीनं. दोन्ही एक-एक पायरी वाढवून पाहा. पिनची पाटी कापली जाते असं दिसलं तर डिस्प्ले साइज एक पायरी मागे घ्या.

आई-बाबांना स्वतःचं खातं जोडायची धास्ती वाटत असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं यूपीआय सर्कल पाहा. मुलगा किंवा मुलगी आपल्या खात्यातून त्यांना खर्च करू देऊ शकते. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपये. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक पेमेंट मुलाच्या फोनवर पिन टाकून मंजूर करावं लागतं. एकाला पाच जणांपर्यंत जोडता येतं. मात्र जोडल्या जाणाऱ्या माणसाच्या डिव्हाइसचीही एसएमएसनंच गाठ मारली जाते, तेव्हा वाय-फाय टॅबवर सर्कलही चालणार नाही.

टॅबच वापरायचा असं ठरलंच असेल आणि तो कॉल-एसएमएसवाला असेल, तर त्यासाठी दुसरं बचत खातं आणि दुसरा नंबर घ्या. महिन्याच्या खर्चापुरते पैसे त्या खात्यात टाकत जा. निवृत्तिवेतनाचं खातं त्या टॅबपासून दूर राहतं.

परदेशात असाल तर

अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, कतार, ओमान, सौदी अरेबिया, हाँगकाँग इथल्या नंबरांवरून एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्याचं यूपीआय घेण्याची मुभा एनपीसीआयनं २०२३ च्या जानेवारीत जाहीर केली. तुमची बँक आणि ॲप त्यात सामील आहे का हे आधी पाहा. बाइंडिंगचा एसएमएस इथंही लागतो आणि तो भारतातल्या नंबरावर जातो. तिकडच्या प्लॅनमध्ये आंतरराष्ट्रीय एसएमएस बंद असला की नोंदणी फसते, आणि पडद्यावर त्याचं कारण लिहून येत नाही. भारतीय सिम रोमिंगवर ठेवून नोंदणी करत असाल तर रोमिंगमध्ये जाणारा एसएमएस सुरू आहे ना, हे बघा. येणारा चालू आणि जाणारा बंद असं सर्रास असतं.

ॲपल पे, म्हणजे कार्ड जोडून पैसे देण्याची ॲपलची सोय, वापरणाऱ्यांना आयपॅडवर वॉलेटचं ॲप सापडत नाही, कारण ते तिथं नसतंच. कार्ड सेटिंग्जमधल्या ‘वॉलेट अँड ॲपल पे’मध्ये जोडायचं. ते ॲपमध्ये आणि संकेतस्थळांवर चालेल. दुकानातल्या यंत्राला आयपॅड टेकवून पैसे जाणार नाहीत, त्यासाठी लागणारा एनएफसीचा भाग आयपॅडमध्ये बसवलेला नाही. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्येही एनएफसी नसतं. कारखान्यात, गोदामात वापरायच्या दणकट टॅबमध्ये ते सापडतं, उदाहरणार्थ सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेत.